कडेची माणसं पुसणारी लेन्स

संपादक दुकानात आले, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "याकूबभाई, दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा." मी आयुष्यभर दुर्बिणी आणि कॅमेऱ्यांच्या लेन्स उघडल्या, पुसल्या, परत बसवल्या. या कामात मान अवघडते आणि डोळे जातात. गमतीचं म्हणाल तर एकच, लेन्स विकणाऱ्यांचं बोलणं. 'दोष' हा शब्द त्यांच्या तोंडातून निघत नाही. काचेत बुडबुडा असला तर ती उत्तम काचेची खूण. भिंगं चिकटवायचा डिंक पिवळा पडला तर त्याने छटा ऊबदार येतात. आणि चित्राची अर्धी कड धुरकट आली तर तो लेन्सचा 'स्वभाव'. माणसाचा स्वभाव वाईट असेल तर लोक त्याला दारात उभं करत नाहीत. लेन्सचा वाईट असेल तर मखमली डबीत ठेवून पुजतात.

ज्या लेन्सची हकिकत सांगणार आहे ती विलायतेची. कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव लिहून तिची फुकट जाहिरात मी कशाला करू?

लढाईच्या वर्षांत मी नगरच्या कॅम्पात मिलिटरीच्या दुर्बिणी दुरुस्त करायचो. लढाई संपली, तशी आमची गरजही संपली. मग मी झेंडीगेटजवळ एक गाळा घेऊन कॅमेरे दुरुस्त करायला बसलो. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं, विलायती माल पुन्हा येऊ लागला होता, आणि फोटोवाल्यांच्या तोंडी एकाच लेन्सचं नाव होतं. काचेवर निळसर लेप, पितळी नळी, त्यावर कोरलेली अक्षरं. अंधारातसुद्धा फोटो काढते म्हणे.

नगरात ती दोघांनी घेतली. एक वकीलसाहेब, त्यांच्याकडे मी नंतर येतो. दुसऱ्या एस्तेरबाई.

एस्तेरबाईंचा स्टुडिओ नगरच्या तोफखाना भागात. वडील मिशनच्या शाळेचे फोटो काढायचे, त्यांच्या हाताखाली ही पोरगी शिकली आणि ते गेल्यावर तिनंच पाटी चालू ठेवली. तेव्हा बाईमाणसानं काळ्या कापडात डोकं घालून फोटो काढणं हा लोकांना तमाशा वाटायचा. पण ज्या घरांत पुरुष फोटोवाल्याला उंबरा ओलांडू देत नसत, तिथं एस्तेरबाईंना मानानं आत नेत. आमच्या मोहल्ल्यातल्या पडदानशीन बायका, पाटलांच्या घरातल्या सुना, लग्नाच्या मुली. हे सगळे फोटो घराच्या आत, माजघराच्या नाहीतर पडवीच्या उजेडात. म्हणून त्यांना तीच लेन्स हवी होती. वडिलांच्या तीन जुन्या कॅमेऱ्यांपैकी दोन विकून त्यांनी ती घेतली.

आणि पहिलंच मोठं काम मिळालं ते वाळकीच्या लग्नाचं. मुलीकडचे वाळकीचे, मुलाकडचे नेवाश्याचे, दोन्ही घरं मातबर. गोरज मुहूर्त, मांडवात उजेड कमी. एस्तेरबाईंनी नवरानवरी मध्ये बसवली, एका हाताला नेवासकर, दुसऱ्या हाताला वाळकीकर, सगळे एका ओळीत. मुलीची आई भागूबाई अगदी कडेला बसली, कारण मुलीच्या आईनं तिथंच बसायचं असतं. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर चित्र उलटं दिसतं आणि मावळतीच्या उजेडात तर जेमतेम दिसतं. बाईंना काही वावगं वाटलं नाही.

चार-पाच दिवसांनी फोटो घेऊन त्या वाळकीला गेल्या. नेवासकर पाहुणे अजून तिथंच होते. फोटो हातोहात फिरला. नेवासकरांच्या मिशीचा केसन्‌केस दिसत होता. नवरानवरी छान आली होती. आणि तिथून पुढं वाळकीकर हळूहळू विरघळत गेले होते. भागूबाईंच्या जागी लुगडं होतं, लुगड्यावर एक पांढरट डाग होता, आणि डागाला नाक-डोळे काही नव्हते.

"माझं तोंड कुटं हाय ह्यात?" भागूबाईंनी विचारलं.

नवऱ्या मुलाचा चुलता हसत म्हणाला, "विहीणबाई, लग्नात कुनाला बोलू दिलं न्हाई तुमी. फोटोवालीनं बरूबर तोंड बंद केलं."

एवढं पुरे झालं. मुलीचा भाऊ उठला. "पोरीकडच्यांना मुद्दाम पुसलंय. त्यांच्यातली मानसं बगा, कशी लख्ख! किती दिलं तुमी हिला?" पुढं काय झालं ते एस्तेरबाईंनी मला पूर्ण सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "याकूबभाई, जेवणाचं ताट वाढलेलं तसंच राहिलं, आणि नवरी रडत बैलगाडीत बसली." मुलाकडच्यांनी वर्षभर माहेरचं नाव काढू दिलं नाही, असं नंतर कळलं. एका फोटोपायी.

नगरात बातमी पोचायला वेळ लागत नाही. बाईमाणसाचा हात हलतो, असं लोक म्हणू लागले. कॅमेरा मणभर वजनाच्या लाकडी तिकाटण्यावर उभा असतो आणि हातात नुसता लेन्सची झडप उघडायचा एक रबरी फुगा असतो, पण हे ऐकायचं कोणाला होतं? हात बाईचा ना, मग हललाच असणार. सराफ बाजारातल्या दोन घरांनी ठरलेलं काम काढून घेतलं.

तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. लेन्स टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मला खरं सांगा. मी चुकले असेन तर तेही सांगा."

लेन्स म्हणजे एक भिंग, असं पुष्कळांना वाटतं. चांगल्या लेन्सच्या नळीत चार-पाच भिंगं एकामागं एक बसवलेली असतात आणि सगळ्यांचे मध्य एका रेषेत असावे लागतात. एखादं भिंग केसाएवढं कलंडलं की मधलं चित्र ठीक येतं, पण एक कड भुरकट होते. ओळखायची रीत सोपी आहे. भिंतीवर वर्तमानपत्र ताणून लावायचं, लेन्सचं तोंड पूर्ण उघडून त्याचा फोटो घ्यायचा. मग लेन्स कॅमेऱ्यावर अर्धी फिरवून पुन्हा घ्यायचा. भुरकटपणा जागचा हलला नाही तर कॅमेऱ्याचा गुन्हा. लेन्सबरोबर तो दुसऱ्या कडेला गेला तर लेन्सचा.

आम्ही दोन्ही फोटो घेतले. पहिल्यात डावीकडचा मजकूर वाचता येईना, दुसऱ्यात उजवीकडचा. बाईंनी त्या ओल्या काचा, म्हणजे निगेटिव्ह, स्वतः पुन्हा उजेडाकडं धरून पाहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी नाही."

"तुम्ही नाही."

"मग आता त्यांना बोलवते."

मुंबईच्या एजन्सीचा माणूस दर दोन-तीन महिन्यांनी नगरात यायचा. दिवेकर नाव. क्रीम रंगाचा सूट, खिशात रेशमी रुमाल. तो आपल्या पेटीतल्या लेन्स दाखवताना आवाज असा खाली आणायचा, की देवळात आल्यासारखं वाटावं. माझ्या दुकानात एस्तेरबाईंनी त्याच्यापुढं दोन्ही फोटो ठेवले. त्यानं ते धड पाहिलेही नाहीत.

"हवामान," तो म्हणाला. "दमट हवेत काचेवर परिणाम होतो."

नगरची हवा दमट! आमच्याकडं उन्हाळ्यात धुतलेलं धोतर दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतं. पाण्यासाठी लोक कोस कोस चालतात. आणि हा माणूस मुंबईहून, समुद्राच्या कडेवरून येऊन आम्हाला दमट हवा शिकवत होता. मी तसं म्हणालो. तेव्हा त्यानं लेन्स हातात घेतली, भुवया वर केल्या.

"मग ही पडलेली आहे."

"कुठं पडलीय ते दाखवा," मी म्हणालो. "पितळेवर पोचा हवा, रंग उडायला हवा."

"मिस्त्री, काही धक्के आतून बसतात."

एस्तेरबाईंनी कॅमेरा पुढं ओढला. त्या म्हणाल्या, "दिवेकरसाहेब, तुमचा एक फोटो काढू का? आठवण म्हणून."

फोटो म्हटल्यावर त्यानं टाय सरळ केला. बाईंनी शेजारच्या दुकानातला शिंपी आणि मला बोलावून ओळीत बसवलं आणि दिवेकरांना कडेची खुर्ची दिली. संध्याकाळी फोटो तयार झाला. शिंप्याच्या कानामागची पेन्सिल दिसत होती. दिवेकरांचा सूट होता, टाय होता, चेहरा मात्र उकडलेल्या बटाट्यासारखा. मला वाटलं, आता हा गृहस्थ काय म्हणतो बघू.

त्यानं फोटो उजेडाकडं धरला, थोडा वेळ पाहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "मी हललो असेन."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलणारे पाहिले, पण स्वतःचा चेहरा गमवायला तयार असलेला विक्रेता तो एकच. त्याला स्वतःवर संशय घेणं परवडत होतं, कंपनीवर नाही. जाताना त्यानं वर सांगितलं, की नळीवरचं लाखेचं सील तुटलेलं असेल तर कंपनी अशी लेन्स परत घेणार नाही. तुटलेलं नसेल तरी घेणार नाही, हे त्यानं सांगितलं नाही. ते आम्हाला समजलं.

बाई म्हणाल्या, "वकीलसाहेबांकडे तीच लेन्स आहे. ते माझ्या बाजूनं बोलले तर एजन्सीला ऐकावं लागेल."

वकीलसाहेबांचा बंगला स्टेशन रस्त्याला. त्यांना फोटोचा नाद, म्हणजे सामानाचा नाद. लेन्स निळ्या मखमलीवर ठेवलेली. ती उचलताना हातात पांढरे मोजे घालायचे. फोटो काढायचे ते बागेतल्या गुलाबाचे, भर उन्हात, तोंड अगदी बारीक करून. बारीक तोंडानं आणि भर उन्हात कुठलीही लेन्स सज्जनच असते. शिवाय गुलाब मधोमध. गुलाबाच्या कडेला रुसलेली विहीण बसलेली नसते.

मी म्हणालो, "साहेब, एकदा दिव्यासमोर बघू द्या." खिडक्यांचे पडदे ओढले, मेणबत्ती लावली. लेन्समध्ये वाकून पाहिलं की प्रत्येक काचेत ज्योतीचं एक बारीक प्रतिबिंब दिसतं. लेन्स हळूहळू फिरवली की सगळ्या ज्योती जागच्या जागी राहायला हव्यात. यांच्या लेन्समध्ये एक ज्योत रांग सोडून गोल फिरत होती. बाईंची लेन्स मी आधीच अशी पाहिली होती, तिच्यात फिरत होती तीच, त्याच जागेची. म्हणजे एक-दोन नग बिघडलेले नव्हते. कारखान्यातून तो सगळा घाणाच तसा निघाला होता.

वकीलसाहेबांनी स्वतः पाहिलं. ज्योत फिरताना पाहिली. मग मेणबत्ती फुंकून विझवली, पडदे उघडले, लेन्स मखमलीवर ठेवली आणि म्हणाले, "माझी लेन्स उत्तम आहे."

"साहेब, तुम्ही आत्ता पाहिलंत," बाई म्हणाल्या.

"मी गुलाब पाहतो, बाई. ज्योती पाहत नाही. आणि याकूब मिस्त्री, तुम्ही हात लावेपर्यंत माझ्या लेन्सला काही नव्हतं."

पुढं महिनाभर ते क्लबात सांगत होते, की झेंडीगेटच्या मिस्त्रीनं माझी लेन्स बिघडवली. लोकांनी विश्वासही ठेवला. वकील विरुद्ध मिस्त्री, यात पुरावा कोण मागतो? मला आजही त्या माणसाची कीव येत नाही. जी वस्तू आपली आहे ती चांगलीच असणार, एवढ्या एका श्रद्धेवर त्यांनी एका कामकरी बाईला वाऱ्यावर सोडलं.

टांग्यातून आम्ही परत आलो. दुकानाशी उतरल्यावर बाई म्हणाल्या, "उघडा."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. सील तुटलं की कंपनीचा दरवाजा बंद. आतली, भिंगांमधली पितळी कडी काढताना हत्यार सटकलं तर काचेवर ओरखडा. आणि दोष कडीत निघाला, ती घासताना जास्त घासली गेली, तर लेन्स कायमची गेली. पितळ काढता येतं, परत घालता येत नाही.

"ती आत्ता तरी कुठं माझ्या उपयोगाची आहे?" त्या म्हणाल्या. "दाखवायच्या मुलीचा फोटो काढायचा आणि तिला डाग करून ठेवायचं? उघडा, याकूबभाई. मी इथंच बसते."

उघडली. मिलिटरीत शंभर दुर्बिणी उघडल्या असतील, पण त्या सरकारच्या होत्या. ही एका बाईची अख्खी कमाई होती. पहिल्या आणि दुसऱ्या भिंगाच्या मध्ये पितळेची एक पातळ कडी असते, भिंगांत अंतर राखायला. ती मी सपाट काचेवर ठेवली आणि बोटानं दाबली. कडी डुगडुगली. एका बाजूनं जाड, एका बाजूनं पातळ. बस, एवढंच. एवढ्या नावाची कंपनी, एवढी कोरलेली अक्षरं, आणि कडी नीट कातता आली नाही. बरं, आली नाही ती नाही, पण टेबलावर ठेवून एकदा बोट लावून पाहावं, एवढीही कोणाला फुरसत नव्हती. माल बाहेर काढायची घाई. बिघडलं तर हिंदुस्थानातल्या हवामानावर ढकलता येतंच.

सपाट काचेवर तेल आणि अगदी बारीक कुरुंद, म्हणजे धार लावायच्या दगडाची पूड, घेऊन मी ती कडी घासत बसलो. जाड बाजूला थोडा जोर, दोन-चार वळसे, पुसायची, बसवायची, ज्योत पाहायची. पुन्हा काढायची. दुपारभर ज्योत फिरतच होती. मग तिचा फेरा लहान झाला. मग नुसती थरथरली. मी हात थांबवला. आणखी एक वळसा घ्यावा असं मनात आलं होतं, पण घेतला नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या वर्तमानपत्राचा चारी कोपऱ्यांतला मजकूर वाचता आला. एका कोपऱ्यात किंचित नरमपणा राहिला होता, तो मी बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "एवढा नरमपणा माणसांतही असतो."

पण लेन्स दुरुस्त झाली म्हणून गिऱ्हाईक परत येत नाही. स्टुडिओ ओसच राहिला. बाई शाळेच्या पोरांचे छोटे फोटो काढून दिवस ढकलत होत्या.

वर्ष उलटलं आणि दिवेकर पुन्हा उगवला. तोच सूट, पेटीत नवी लेन्स. तेच नाव, नळीवर फक्त एक लाल ठिपका जास्त. "सुधारित आवृत्ती," तो त्या देवळातल्या आवाजात म्हणाला. मी ती दिव्यासमोर धरली. ज्योती शिस्तीत उभ्या होत्या. कडी नीट कातायला शिकले होते तर!

मी विचारलं, "म्हणजे जुनीत दोष होता?"

"छे! जुनीत दोष नव्हताच," दिवेकर म्हणाला. "आणि नवीत तो राहिलेला नाही."

हे वाक्य मी पुढं कित्येक वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. बाईंनी विचारलं, जुनी देऊन नवी बदलून मिळेल का? तर सील तुटलंय, तेव्हा नाही. वकीलसाहेबांनी त्याच दिवशी नवी घेतली. तिचा निळा लेप इतका नाजूक होता, की पांढऱ्या मोज्यांनी पुसून पुसून दिवाळीपर्यंत मधोमध टक्कल पडलं. त्यांनी तेही कोणाला सांगितलं नाही. गुलाब चालूच होते.

त्याच सुमारास वाळकीहून गाडी आली. नवरीला मुलगा झाला होता, पहिलं बाळंतपण म्हणून रिवाजानं माहेरी पाठवली होती आणि बारशाला नेवासकर येणार होते. दोन्ही घरं त्या भांडणानंतर पहिल्यांदाच एका छपराखाली. फोटो काढायचाय, आणि फोटोवाली तीच पाहिजे, असा भागूबाईंचा निरोप. मुलानं विरोध केला, नवऱ्यानं केला. भागूबाई हटल्या नाहीत.

एस्तेरबाईंनी मलाही बरोबर घेतलं. काही बिघडलं तर शिव्या खायला दोघं असावेत, असं म्हणाल्या. पडवीत सगळे जमले. नेवासकर चुलता मिशीवर हात फिरवत म्हणाला, "बगा बाई, औंदा कुनाला पुसताय?" कोणी हसलं नाही. भागूबाईंचा मुलगा खांबाला टेकून बाईंकडं रोखून बघत होता. बाईंनी तिकाटणं लावलं. लेन्स पुसली, आणि पुसून झाल्यावर पुन्हा एकदा पुसली.

बायका-माणसं ओळीत बसू लागली. भागूबाईंना कडेची जागा दाखवली गेली. त्या उभ्याच राहिल्या.

"म्या न्हाई बसनार तिथं," त्या म्हणाल्या. "नातू माझ्या घरात झालाय. मी मधी बसनार, नातू मांडीवर घिऊन. कडंला एकदा बसली, लई भोगलं."

नेवासकर विहीणबाई काहीतरी पुटपुटल्या. भागूबाईंनी लक्ष दिलं नाही. त्या मधोमध जाऊन बसल्या आणि सरळ कॅमेऱ्याकडं बघितलं. कडेला बसायची पाळी नेवासकरांच्या चुलत्यावर आली. एस्तेरबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं, काळ्या कापडात डोकं घातलं आणि फुगा दाबला.

फोटो दोन दिवसांनी आम्ही घेऊन गेलो. भागूबाईंच्या कपाळावरचं गोंदण दिसत होतं, पोराच्या काजळाची तीट दिसत होती. चुलत्याची मिशीसुद्धा कडेला बसून लख्ख आली होती, त्यामुळं भांडायला काही कारण उरलं नाही आणि त्याची थोडी निराशाच झाली. भागूबाईंच्या मुलानं फोटो दोन्ही हातांत धरून पाहिला. मग आत जाऊन बाईंसाठी स्वतः पाट मांडला.

त्यानंतर एस्तेरबाईंना काम कमी पडलं नाही. बारशाचा फोटो त्यांनी स्टुडिओच्या दारात लावला. दिवेकरानं तो पाहिला, फार वाखाणला आणि एक प्रत मागून नेली, मुंबईच्या शोरूमसाठी. बाईंनी भाबडेपणानं दिली.

काही महिन्यांनी मी सामान आणायला मुंबईला गेलो होतो. फोर्टातल्या एजन्सीच्या काचेसमोर उभा राहिलो तर आत भागूबाई. मोठ्या करून, चौकटीत बसवून. खाली नव्या लेन्सचं नाव, लाल ठिपक्यासकट, आणि 'सुधारित आवृत्तीची किमया' असे शब्द. एस्तेरबाईंचं नाव कुठंही नव्हतं. जी लेन्स परत घ्यायला नकार दिला, तिच्यानंच काढलेला फोटो. मी आत जाऊन काउंटरवरच्या माणसाला सांगितलं, हा फोटो तुमच्या जुन्या लेन्सचा आहे, मी घासलेल्या कडीचा. तो नम्रपणे हसला आणि त्यानं मला नव्या लेन्सचं माहितीपत्रक दिलं.

नगरला परतल्यावर मी एस्तेरबाईंपुढं खूप आगपाखड केली. त्यांनाही संताप आला. त्याच आठवड्यात भागूबाई नातवाचा आणखी एक फोटो काढायला आल्या होत्या. बाईंनी त्यांनाही सगळं सांगितलं, की चोर आहेत, लबाड आहेत, तुमचा फोटो मुंबईत भररस्त्यावर लावून आपला माल विकताहेत.

भागूबाईंनी नातवाला खांद्यावर घेतलं, माझ्याकडं वळल्या आणि विचारलं, "तुमी सोता पायलं?"

"पाहिलं."

"मंग सांगा," त्या म्हणाल्या, "तोंड दिसतंय का माझं?"